गिटारीला वाट द्या!

गिटार हे वाद्य आमच्या घरात आले ते माझ्या संमतीवाचून. चिरंजीव पदविका घेऊन तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागले आणि पहिल्या दिवाळीचा बोनस हाती पडताच, बोईसरहून पालघरला येणाऱ्या लोकलमधून खांद्यावर एक काळी पेटी घेऊन उतरले. पेटी म्हटल्यावर ती बाजाचीच असणार अशी माझी भाबडी समजूत! घरी येऊन झाकण उघडले, तो आत गिटार.

मी मराठीचा प्राध्यापक. आमच्या घरात गाणे म्हणजे नाट्यसंगीत, फार तर भावगीत. गिटारीविषयी माझे मत एवढेच होते की, कॉलेजच्या सहलीत परतीच्या प्रवासात ज्या मुलाला प्राध्यापकांची भीती वाटत नाही, त्याच्या हातात असणारे हे वाद्य. हे मत मी घरात बोलूनही दाखवले. चिरंजीव हसले आणि आपल्या खोलीचे दार लोटून घेऊन वाजवत बसले. दार लोटलेले असले तरी भिंती आमच्याच होत्या. दोन वर्षांत त्याची बोटे सुधारली हे माझ्या कानांना, इच्छा नसतानाही, कळत होते.

मग गेल्या दिवाळीत एक प्रसंग घडला. गावातल्या एका दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात त्याला वाद्यवृंदात घेतले. एका भावगीताच्या दोन कडव्यांमध्ये आठ मात्रांचे दोन तुकडे गिटारीचे. सौभाग्यवतींनी पहाटे चारला उठून उटणे, फराळ सगळे आटोपले आणि आम्ही तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. वादकांपुढे नोटेशनचे कागद ठेवलेले. आमच्या चिरंजीवांना कागद वाचता येत नाही. त्यांचे सगळे शिक्षण यूट्यूबवर बघून आणि कानाने ऐकून झालेले. पहिल्या कडव्यानंतर तो एक मात्रा आधीच शिरला. व्हायोलिन आणि गिटार एकमेकांवर आदळल्या. संचालकांनी हाताने खूण करून त्याला थांबवले आणि दुसरा तुकडा कीबोर्डवाल्याकडे दिला. उरलेला दीड तास तो मांडीवर गिटार घेऊन, तोंडावर हसू ठेवून बसून राहिला. आणि खोटे कशाला बोलू? मला आत कुठेतरी बरे वाटले. वाटले, आता हे खूळ जाईल.

खूळ गेले नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, "बाबा, नोकरी सोडून वर्षभर नुसतं संगीत शिकलो तर चालेल तुम्हांला?" मी त्याला एक तासिका पुरेल एवढे व्याख्यान दिले. कायम नोकरी किती जणांना मिळते, आजोबांनी कसे दिवस काढले, वगैरे. व्याख्यान संपल्यावर वर्गात होते तसेच झाले. कुणी काही विचारले नाही. त्यानंतर आमचे बोलणे आठ महिने मध्यस्थामार्फत चालले. "त्याला सांग, डबा राहिलाय." "बाबांना सांग, घेतलाय."

ही कोंडी फुटली ती गेल्या पावसाळ्यात. त्या दिवशी रुळांवर पाणी आल्यामुळे गाड्या बंद, रात्रपाळी बुडालेली, आणि गावातले दिवे गेलेले. अंधारात तीन माणसे किती वेळ गप्प बसणार? चिरंजीवांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा थेट मला म्हणाले, "बाबा, एकच तबकडी ऐका. मग हवं ते बोला."

ऐकली. गिटारीचा एकेक स्वर सुटा, गोलसर, उगाच घाई नसलेला. आणि मागे अख्खा वाद्यवृंद. मला वाटले होते तसा धांगडधिंगा कुठेच नव्हता. उलट माझा पहिला उद्गार तक्रारीचाच निघाला : "अरे, हे तर जुन्या सिनेमातल्यासारखं वाटतंय!" चिरंजीव अंधारात हसले. म्हणाले, "वाटणारच. वाजवणारा मुंबईचा आहे. आईबाप गोव्याचे."

वाजवणाऱ्याचे नाव अमान्सियो डिसिल्वा. तबकडीचे नाव 'रिफ्लेक्शन्स', आणि खाली उपशीर्षक, 'अमान्सियो डिसिल्वाची रोमँटिक गिटार'. लंडनमध्ये १९७१ साली कोलंबिया कंपनीने काढलेली. वाद्यवृंदाची बाजू सांभाळली होती स्टॅन ट्रेसी या इंग्रज पियानोवादकाने. जाझमधले हे त्या देशातले मोठे नाव. 'अंडर मिल्क वुड' ही त्यांची १९६५ची तबकडी आजही तिथे आदराने ऐकली जाते.

दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या, पण माझे डोके त्या नावातच अडकले. गोव्याचा माणूस लंडनच्या वाद्यवृंदापुढे जाऊन बसतो कसा? ही गोष्ट मी मिळेल तिथून वाचून काढली, आणि ती वाचताना जुन्या सिनेसंगीताविषयीचे माझे अज्ञान मला पानोपानी भेटत गेले.

वाचकहो, आपण ज्यांच्या गाण्यांवर वाढलो त्या सिनेमांचे वाद्यवृंद कागदावर कोण उतरवत होते, हे आपण कधी विचारले आहे का? पोर्तुगीजांनी गोव्यात चर्चला जोडून ज्या शाळा चालवल्या, त्यांत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिनही शिकवले जाई. हेतू चर्चमधल्या गायनाचा. परंतु त्यातून पिढ्यान् पिढ्या कागदावरचे संगीत वाचणारी माणसे तयार झाली, आणि पोटासाठी मुंबईला आली. मुंबईत १९३५ साली लिऑन ॲबे यांचा अमेरिकन निग्रो वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला आणि या मंडळींच्या कानावर खरे जाझ पडले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' हे नाव घेऊन ट्रंपेट वाजवू लागले. पुढे दारूबंदी आली, रात्रीच्या क्लबांचे उत्पन्न आटले, आणि पुष्कळ वादकांचे पाय सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले. आपल्या सी. रामचंद्रांच्या १९५१च्या 'अलबेला'तला तो उसळता वाद्यमेळ आठवा; त्यामागे हे चिक चॉकलेट होते. शंकर-जयकिशनांच्या गाण्यांमागचे व्हायोलिनांचे ते भव्य पडदे सेबॅस्टियन डिसोझांनी लिहिलेले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी तर १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात भारतीय रागांवर आधारलेला वाद्यवृंद उभा केला, आणि त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. या गोन्साल्विसांचे शिष्य म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या गाजलेल्या गाण्यात मोठ्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या नायकाच्या तोंडी गुरूचे नाव घातले गेले ते यामुळे. मी ते गाणे लग्नाच्या वरातींत शेकडो वेळा ऐकले असेल. त्यातले नाव कुणा खऱ्या माणसाचे आहे हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळावे, याची लाज वाटली.

तर अमान्सियो हा या गोतावळ्यातला. जन्म मुंबईचा, १९३६चा. शिक्षण बहुतांशी आपले आपणच केलेले. तरुणपणी देशभर जाझच्या ताफ्यांतून वाजवीत हिंडला. सिमल्याला वाजवत असताना जॉइस या आयरिश युवतीशी ओळख झाली आणि लग्न झाले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्याचे वादन ऐकून त्याला गिब्सन कंपनीची गिटार घेऊन दिली. त्या काळी ती चीज इथे पैसे असूनही सहज मिळणारी नव्हती.

इथवर सगळे एखाद्या कादंबरीसारखे. पण १९६७ साली हा माणूस लंडनला गेला तो कीर्ती मिळवायला नव्हे. त्याचा मुलगा आजारी होता आणि उपचार तिकडे होण्यासारखे होते. मुलाचे नाव स्टेफानो. हे वाक्य मी वाचले तेव्हा कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होतो. पुस्तक मिटून खिडकीतून बाहेर बघत राहिलो. एका बापाने मुलासाठी जमवलेले नाव, ओळखी, महाराणीचा आश्रय, सगळे मागे ठेवून समुद्र ओलांडला होता. आणि मी बोईसर ते पालघर एवढ्या अंतरातही मुलाकडे गेलो नव्हतो.

लंडनमध्ये डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने त्याला ऐकले, आणि १९६९ साली दोन तबकड्या निघाल्या. 'इंटिग्रेशन'मध्ये डॉन रेंडेल आणि इयन कार यांच्यासारखे तिथले नामवंत वादक त्याच्या साथीला. दुसरीचे नाव चक्क हिंदी, 'हम दोनो'. ती जमैकाहून आलेल्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबरची. रचनांची नावे वाचली तरी माणूस कशाकशाला धरून होता ते कळते : 'जयपूर', 'महाराणी', 'बॅलड फॉर गोवा' आणि 'स्टेफानोज डान्स'. आजारी मुलाच्या नावाने बापाने नाच लिहिला!

जाणकार मंडळी आजही या दोन तबकड्यांसाठी जीव टाकतात. वाद्यवृंदाबरोबरची 'रिफ्लेक्शन्स' मात्र त्यांच्या दृष्टीने धाकटी बहीण. जाझच्या भक्तांना वाद्यवृंद आला की संशय येतो. त्यांचे म्हणणे असे, की जाझ म्हणजे त्या क्षणी सुचेल ते वाजवणे. आणि वाद्यवृंदातल्या प्रत्येकापुढे तर कागद. कागदाने बांधलेल्या पुष्कळ माणसांमध्ये एक मोकळा माणूस सोडला, तर एक तर तो बांधला जाईल, नाहीतर सगळे त्याच्या अंगावर कोसळतील.

अडचण खरी आहे, आणि आपल्याकडच्या श्रोत्याला ती पटकन उमगत नाही. आपल्या मैफलीत साथीदार गायकाच्या मागून चालतो. गायक सुचेल तिकडे वळला की सारंगी किंवा पेटी त्याच्या मागे वळते, आणि तबलजी समेवर त्याची वाट पाहतो. वाद्यवृंद असा वळत नाही. ती रेल्वे आहे. गाडीत बसून तुम्ही हवा तो डबा गाठा, दारात उभे राहा, गाणी म्हणा; पण स्टेशन यायचे तेव्हाच येणार, आणि तुमची उडी तेव्हाच पडली पाहिजे. आमच्या चिरंजीवांची उडी एक मात्रा आधी पडली, एवढेच त्या पहाटे झाले होते. आठ महिन्यांनी मला ते समजले.

यातून वाट काढतो तो संयोजक, ज्याला सिनेमावाले 'अरेंजर' म्हणतात. गिटार बोलायला लागली की व्हायोलिनांनी कुठे लांब सूर धरून थांबायचे, तिने श्वास घेतला की बासरीने कुठे दोन शब्द टाकायचे, हे तो आधी लिहून ठेवतो. गिटारीचा आवाज मुळात लहान. विजेची जोड मिळून ती जाझमध्ये पुढे आली १९३९च्या सुमारास, अमेरिकेत चार्ली क्रिश्चनच्या हातून. तरीसुद्धा पितळी वाद्ये एकदम उठली तर ती दबतेच. म्हणून चांगल्या संयोजकाची परीक्षा, त्याने काय लिहिले यापेक्षा कुठे काही लिहिले नाही, यावरून करावी. स्टॅन ट्रेसी स्वतः उत्स्फूर्त वाजवणारे. मोकळ्या जागेची किंमत त्यांना ठाऊक होती. 'रिफ्लेक्शन्स'मध्ये काही ठिकाणी गोडवा जरा जास्त होतो, हे मान्य. बासुंदीत आणखी साखर घालणारी माणसे लंडनातही असतात. पण गिटारीला वाट हवी तिथे ती मिळते. अमान्सियो तिथे बंडखोरासारखा वाजवत नाही; पाहुण्याच्या घरी बसल्यासारखा, थोडा जपून वाजवतो. 'हम दोनो'त तो स्वतःच्या ओसरीवर आहे. मला, का कोण जाणे, जपून वाजवणारा अमान्सियो जवळचा वाटला.

या प्रकारची सर्वांत प्रसिद्ध उदाहरणे अमेरिकेतली. चार्ली पार्करने १९४९-५० मध्ये व्हायोलिनांना मागे घेऊन सॅक्सोफोन वाजवला तेव्हाही भक्तांनी नाके मुरडली होती. गिटारीत ते धाडस केले वेस मॉन्टगोमेरीने : १९६३ची 'फ्यूजन', आणि १९६७ची, डॉन सेबेस्कींच्या संयोजनाची 'अ डे इन द लाइफ'. ही दुसरी प्रचंड खपली, आणि खपली म्हणून टीकाकारांनी तिला आणखीच बदडले. या वेसची हकीकत चिरंजीवांनी मला सांगितली, आणि सांगताना माझ्याकडे मुद्दाम पाहिले नाही. इंडियानापोलिस या गावी हा माणूस दिवसा कारखान्यात काम करी आणि रात्री क्लबात वाजवी. घरी सराव करताना शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून त्याने नखी टाकून नुसत्या अंगठ्याने तारा छेडायला सुरुवात केली. आणि पुढे तो मऊ अंगठाच त्याची ओळख झाला. पोरेबाळे पुष्कळ, खर्च मोठा. १९६८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

"आणि बाबा," चिरंजीव म्हणाले, "त्यालाही नोटेशन वाचता येत नव्हतं."

"मग वाद्यवृंदाबरोबर कसा वाजवत होता?"

"भोवतालच्या सगळ्यांना येत होतं. त्यांनी त्याला सांभाळून घेतलं." थोडे थांबून तो म्हणाला, "पण मला वाचायला शिकायचंय. वेसला सांभाळून घेणारे होते. मला पुढच्या वेळी कुणी कशाला सांभाळील?"

त्या पहाटेविषयी तो माझ्याशी प्रथमच बोलत होता. आणि नोकरी सोडण्याचा हट्ट आता त्यात नव्हता, हे माझ्या उशिरा लक्षात आले. माझ्या व्याख्यानाने तो गेला नव्हता; कारखान्यातला एक माणूस शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून अंगठ्याने वाजवत होता, त्याने तो घालवला होता.

अमान्सियोची आणखी एक गोष्ट आम्हां पालघरकरांना सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७२च्या 'ड्रीम सीक्वेन्स' या तबकडीत त्याच्याबरोबर तबल्यावर केशव साठे होते. होय, आपले मराठी साठे, १९५०च्या दशकात लंडनला जाऊन राहिलेले आणि जॉन मेयर-जो हॅरियट यांच्या 'इंडो-जाझ फ्यूजन्स'मध्ये तबला पोचवणारे. त्याच काळात अमान्सियोने आणखी एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिचे नाव 'कोंकण डान्स'. ती कपाटातच राहिली आणि निघाली २००६ साली. तो १९९६ सालीच लंडनमध्ये वारला होता.

कोकण म्हटले की लोकांना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आठवतात. परंतु आमचे केळवे, सातपाटी, चिंचणी, तारापूर हेही कोकणच, उत्तरेचे. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजांनी तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, मग वसई घेतली. गोवा मात्र पोर्तुगीजांकडे १९६१पर्यंत राहिला. म्हणजे एकाच किनाऱ्याच्या एका टोकाला व्हायोलिन आणि कागद राहिले, आणि आमच्या टोकाला तारपा राहिला. तारपा हे वारल्यांचे वाद्य. सुकवलेल्या भोपळ्याचे, बांबूच्या नळ्यांचे आणि ताडाच्या पानाचे. रात्री नाच सुरू झाला की मधे तारपावाला वाजवत फिरतो आणि एकमेकांच्या कमरेला धरलेली माणसांची साखळी त्याच्याभोवती वळते. तो चाल बदलतो, की साखळी चाल बदलते. कागद नाही, संचालक नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही बापलेक चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. पाऊस उघडला होता. दक्षिणेला दूरवर अणुवीज केंद्राच्या इमारती दिसत होत्या; तेही १९६९ सालचेच, अमान्सियोच्या पहिल्या तबकड्यांच्या वयाचे. चिरंजीवांनी माझ्या एका कानात इयरफोन दिला, एक आपल्या कानात घातला, आणि 'कोंकण डान्स' लावले. लंडनच्या स्टुडिओत बसून त्या माणसाला कुठले कोकण दिसत होते कोण जाणे. माझ्या मोकळ्या कानात भरतीचा आवाज येत होता. मी मान हलवतोय हे त्याने पाहिले, आणि शहाण्यासारखा गप्प राहिला.

गेल्या आठवड्यात त्याने कारखान्याच्या व्यवस्थापकांना द्यायचा एक अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. शनिवारची रात्रपाळी बदलून मिळावी. दर शनिवारी मुंबईला स्वरलेखनाच्या वर्गाला जायचे आहे. अर्ज मराठीत होता. "जरा बघता का, बाबा?" म्हणाला, आणि डबा घेऊन गाडीला पळाला.

मी लाल शाईचे पेन काढले, मग ठेवून दिले आणि निळे घेतले. 'विनंति' ऱ्हस्व लिहिली होती. ती दीर्घ केली. बाकी अर्ज ठीक होता.